नॉर्वेमधील विजेची मोटार : एका करमाफीचा इतिहास

एखाद्या देशाला ज्या वस्तूनें वैभव दिलें, त्याच वस्तूचा वापर आपल्या घरांतून कमी करावा असें त्या देशानें ठरविलें, तर तें वर्तन प्रथमदर्शनीं विसंगत वाटेल. तुपाच्या व्यापाऱ्यानें स्वतःच्या पानांत तेल वाढून घ्यावें, तसलाच हा प्रकार. परंतु युरोपच्या उत्तर टोकाला असलेल्या नॉर्वे देशानें नेमकें हेंच केलें. सुमारें पंचावन्न लाख वस्तीचा हा देश खनिज तेल व नैसर्गिक वायु विकून संपन्न झाला. आणि त्याच देशांत २०२५ सालीं नोंदल्या गेलेल्या नव्या खासगी मोटारींपैकीं दर शंभरांत सुमारें ९६ मोटारी केवळ विजेवर चालणाऱ्या होत्या. दुसऱ्या कोणत्याहि राष्ट्रानें तोंवर हें प्रमाण गाठलेलें नव्हतें. हा पालट कसा घडला याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. त्यांत कोणी एक महान् संशोधक नाहीं, आणि नागरिकांवर लादलेला सक्तीचा कायदा तर मुळींच नाहीं. आहे ती एक करमाफी. प्रारंभीं तात्पुरती म्हणून दिलेली, वीस वर्षें जवळजवळ निष्फळ भासलेली, आणि पुढें साऱ्या देशाच्या रस्त्यांचें रूप पालटून टाकणारी.

या कथेचें मूळ नॉर्वेच्या धबधब्यांत आहे. १९०५ सालीं स्वीडनशीं असलेलें राजकीय ऐक्य मोडून नॉर्वे स्वतंत्र झाला, त्या सुमारास परदेशी भांडवलदार तेथील धबधबे भराभर विकत घेत होते. कारण पडत्या पाण्यापासून वीज काढण्याची विद्या हस्तगत झाली होती आणि रासायनिक कारखान्यांना स्वस्त वीज हवी होती. नव्या राष्ट्राच्या संसदेनें १९०६ पासून एकामागून एक कायदे करून या खरेदीस आळा घातला. खासगी कंपनीला धबधबा मिळावयाचा तो ठराविक मुदतीच्या परवान्यावर. मुदत संपतांच पाण्यावरील हक्क व यंत्रसामग्री मोबदल्यावांचून सरकारकडे यावी, हें तत्त्व त्यांतून रूढ झालें. १९११ सालीं र्‍युकानजवळ वेमॉर्क येथें उभें राहिलेलें वीजघर त्या काळच्या जगांतील अत्यंत मोठ्या वीजघरांत गणलें जाई. पुढें दऱ्याखोऱ्यांतून अशीं शेंकडों वीजघरें झालीं. आज त्या देशांतील बहुतेक सारी वीज पाण्यापासून निघते, आणि उरलेली मुख्यतः वाऱ्यापासून. हिवाळ्यांत घरें तापविण्याचें कामहि प्रायः विजेवरच होतें. त्यामुळें घरोघरीं मोठा वीजप्रवाह वाहून नेणाऱ्या भक्कम तारा आधींच पोंचलेल्या होत्या. विजेच्या मोटारीला लागणारें इंधन याप्रमाणें तिच्या जन्माआधींच दारांत येऊन उभें होतें.

दुसरी पूर्वपीठिका कराची. दुसऱ्या महायुद्धानंतर नॉर्वेजवळ परकीय चलनाची टंचाई होती. मोटारींचा कारखाना देशांत नव्हता. प्रत्येक मोटार बाहेरून आणावी लागे. तेव्हां सरकारनें मोटार ही चैनीची वस्तु मानली आणि ती विकत घेण्यासाठीं परवाना आवश्यक केला. हें नियंत्रण १ ऑक्टोबर १९६० पर्यंत टिकलें. परवाना गेला, पण कर राहिला. मोटारीच्या पहिल्या नोंदणीच्या वेळीं भरावयाचा हा कर पुढें वजन, यंत्राचा आकार व शक्ति यांवर बसूं लागला; २००७ पासून धुरांतून निघणाऱ्या कार्बन डायॉक्साइडचें मापहि त्यांत आलें. याशिवाय १९७० पासून मूल्यवर्धित कर सुरू झाला, तो हल्लीं शेंकडा २५ आहे. जड व शक्तिमान मोटारीवर या दोन्ही करांचा भार मिळून कित्येकदां तिच्या मूळ किंमतीच्या जवळ जाई. हा बोजा नॉर्वेच्या लोकांनीं कुरकुरत कां होईना, पण पिढ्यान् पिढ्या सोसला. कोणाच्याहि मनांत तेव्हां विजेच्या मोटारीचा विचार नव्हता. परंतु जेथें कर जबर असतो तेथें माफी मोलाची ठरते. आणि जेथें करच हलका, तेथें माफीनें कोणाचेंहि चित्त आकर्षिलें जात नाहीं. नॉर्वेच्या यशाचें अर्धें मर्म या साध्या व्यवहारांत सांठवलेलें आहे.

या पार्श्वभूमीवर १९८९ सालीं एक गंमतीचा प्रसंग घडला. बेलोना नांवाची पर्यावरणरक्षक संस्था तेथें १९८६ मध्यें निघाली होती. तिचा पुढारी फ्रेडरिक हाउगे आणि ‘आ-हा’ या विख्यात गायकवृंदांतील मॉर्टन हार्केट व माग्ने फुरुहोल्मेन यांनीं स्वित्झर्लंडहून एक लहानशी फियाट पांडा मोटार आणविली. तिचें पेट्रोलचें यंत्र काढून तिच्यांत विजेचें यंत्र बसविलेलें होतें. धूर न सोडणाऱ्या गाडीनें कर कां द्यावा, असा सवाल टाकून ही मंडळी पथकर भरण्याचें नाकारूं लागली. दंड झाला, तो भरला नाहीं. गाडी जप्त झाली, तिचा लिलाव पुकारला गेला. आणि दुसरें गिऱ्हाईक नसल्यामुळें ती नाममात्र किंमतीला पुन्हा त्यांच्याच हातीं आली. असें वारंवार घडलें. वृत्तपत्रांना विषय मिळाला, लोकांची करमणूक झाली, आणि सरकारला उत्तर शोधणें भाग पडलें. कायदेभंगाचें हें मिठाच्या सत्याग्रहाशीं तुलना करण्याजोगें गंभीर रूप नव्हतें खरें. पण अन्याय्य वाटणारा कर उघडपणें न भरून त्याकडे लोकांचें लक्ष वेधावयाचें, ही युक्ति तीच होती.

१९९० सालीं सरकारनें विजेच्या मोटारीला खरेदीच्या वेळच्या करांतून तात्पुरती सूट दिली. १९९६ सालीं ती कायम केली. त्याच वर्षीं वार्षिक वाहनकर घटविण्यांत आला. १९९७ मध्यें पथकर माफ झाला. १९९९ मध्यें नगरपालिकांच्या जागांत गाडी फुकट उभी करण्याची मुभा मिळाली आणि विजेच्या मोटारींना ‘ई एल’ या अक्षरांनीं सुरू होणारा स्वतंत्र क्रमांक देण्यांत आला, जेणेंकरून रस्त्यावरील शिपायास ती दुरूनच ओळखूं यावी. २००१ सालीं मूल्यवर्धित करहि उठला. २००३ पासून राजधानी ऑस्लोच्या परिसरांत प्रयोग म्हणून, व २००५ पासून देशभर, बसगाड्यांसाठीं राखलेल्या पट्ट्यांतून या मोटारींना जाऊं देण्यांत आलें. २००९ मध्यें राष्ट्रीय मार्गांवरील फेरीबोटींत मोटारीचें भाडें माफ झालें. ही यादी वाचतांना ध्यानांत येतें कीं, सरकारनें खजिन्यांतून रोख रक्कम काढून कोणाच्या हातावर ठेविली नाहीं; जें घेतलें जात होतें, तेंच घेण्याचें सोडून दिलें. राजकारणाच्या दृष्टीनें हा भेद क्षुल्लक नव्हे. अनुदान दरवर्षीं अंदाजपत्रकांत उघड दिसतें आणि त्यावर दरवर्षीं कुऱ्हाड पडूं शकते. न घेतलेला कर मात्र डोळ्यांत खुपत नाहीं, विशेषतः ज्यांना तो माफ आहे त्यांची संख्या थोडी असेल तोंवर.

हें सारें केवळ निर्मळ हवेसाठीं झालें, असें समजणें मात्र इतिहासाला धरून होणार नाहीं. आपल्या देशांत मोटारींचा धंदा उभा राहावा, ही आकांक्षा त्यामागें होती. पिव्को नांवाच्या एका नॉर्वेजियन कंपनीनें १९९० नंतरच्या दशकांत लहान आकाराची, प्लॅस्टिकच्या अंगाची विजेची मोटार तयार केली; १९९४ च्या लिलेहामर येथील हिवाळी ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं ती लोकांपुढें आली. पुढें कंपनी अडचणींत सांपडली, १९९९ सालीं फोर्ड या अमेरिकन कारखानदारानें ती घेतली आणि ‘थिंक’ या नांवानें मोटारी विकण्यास आरंभ केला. परंतु तीनचार वर्षांतच फोर्डनें तिच्यांतून अंग काढून घेतलें. मालक बदलत गेले, दिवाळें वारंवार निघालें, आणि २०११ सालीं हा प्रयत्न कायमचा आटोपला. ज्या देशी धंद्याच्या पोटीं करमाफीचा जन्म झाला, तो धंदा मेला. करमाफी मागें राहिली. वडिलांनीं मुलासाठीं विहीर खणावी, मुलगा परागंदा व्हावा, आणि पाणी साऱ्या गांवानें प्यावें, तशी ही गोष्ट झाली.

तोंपर्यंत पाणी पिण्यास गांव जमलेलाच नव्हता. २००० ते २०१० या दशकांत जवळजवळ सर्व सवलती लागू असूनहि देशांतील विजेच्या मोटारींची संख्या कांहीं हजारांपलीकडे गेली नाहीं. मिळत होत्या त्या मोटारी चिमुकल्या, मंद, आणि थंडीनें गारठून लवकर दमणाऱ्या. त्यांचे मालक हे कांहींसे छांदिष्ट समजले जात. त्यांनीं १९९५ सालीं स्थापिलेली संघटना सवलतींची राखण करीत असे. कोणा अर्थमंत्र्यानें त्या दशकांत हिशेब मांडला असता, तर ही नीति फसली असाच निष्कर्ष त्याला काढावा लागला असता. परंतु सवलती काढून घेण्याइतकी रक्कमहि त्यांत गुंतलेली नव्हती, म्हणून त्या जशाच्या तशा राहिल्या. इतक्यांत लिथियमच्या बॅटऱ्या मोटारींत बसविण्याजोग्या झाल्या. २०११ च्या सुमारास मित्सुबिशी व निसान या जपानी कंपन्यांच्या मोटारी नॉर्वेंत पोंचल्या. २०१३ मध्यें अमेरिकेंतील टेस्ला कंपनीची मोठी व वेगवान मोटार आली, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत ती देशांतील सर्वाधिक खपाची मोटार ठरली. इतर देशांत या मोटारी पेट्रोलच्या गाडीहून फार महाग पडत. नॉर्वेंत करांचा बोजा एका पारड्यांतून उतरलेला असल्यामुळें दोन्ही पारडीं जवळजवळ सारखीं झालीं. यंत्राची प्रगति जपान व अमेरिकेंत झाली, पण तिचें स्वागत करण्यास कायदा फक्त नॉर्वेंतच दहा वर्षें आधीं दार उघडून बसला होता.

त्या देशाची भूमीहि या नीतीस साह्यकारी झाली. किनारा खाड्यांनीं विदारलेला, वस्ती बेटाबेटांवर विखुरलेली. त्यामुळें बोगदे, पूल व फेरीबोटी यांवांचून प्रवास नाहीं, आणि पथकर व भाडें यांचा खर्च प्रवाशाच्या पांचवीस पुजलेला. स्टाव्हांगरजवळील फिन्नय बेटाला २००९ सालीं समुद्राखालून बोगदा झाला, आणि त्याचा पथकर फार मोठा होता. रोज ये-जा करणाऱ्या बेटकऱ्यांनीं हिशेब केला, आणि विजेची मोटार घेतली तर वांचलेल्या पथकरांतूनच तिची किंमत हळूहळू वसूल होते, असें त्यांना आढळलें. पर्यावरणावरील व्याख्यानांनीं जें झालें नसतें, तें नाक्यावरील पावतीनें केलें.

२०१२ सालीं नॉर्वेच्या संसदेंतील बहुतेक सर्व पक्षांनीं हवामानाच्या प्रश्नावर एक समझोता केला. त्यांत असें ठरलें कीं, विजेच्या मोटारींच्या करसवलती २०१७ पर्यंत, किंवा अशा मोटारींची संख्या ५०,००० होईतों, टिकवाव्या. ही मर्यादा एप्रिल २०१५ मध्येंच, म्हणजे मुदतीच्या दोन वर्षें आधीं गाठली गेली. तरीहि सवलती एकदम रद्द झाल्या नाहींत. चर्चा करून पुढें चालविल्या गेल्या. या काळांत सरकारें बदललीं, डाव्या पक्षांच्या जागीं उजवे पक्ष आले, पण नीति मोडली नाहीं. मोटार हें दहापंधरा वर्षें टिकणारें वाहन आहे. तें घेणाऱ्याला आणि विकणाऱ्यालाहि उद्यांचा कायदा काय असेल याची थोडीतरी शाश्वति लागते. ती शाश्वति देणें हें त्या सर्वपक्षीय समझोत्याचें खरें कार्य होतें.

करमाफीच्या जोडीला बॅटरी भरण्याची सोय लागते. २००९ सालीं ट्रान्सनोव्हा या सरकारी संस्थेमार्फत ५ कोटी क्रोन खर्चून गांवोगांवीं साध्या चार्जिंगचे खांब बसविण्यास मदत देण्यांत आली. पुढें हें काम एनोव्हा या दुसऱ्या सरकारी संस्थेकडे गेलें. मुख्य रस्त्यांवर सुमारें ५० किलोमीटरच्या अंतरानें जलद चार्जिंगचें ठिकाण असावें, या हेतूनें तिनें खासगी कंपन्यांना साह्य केलें. जेथें व्यापाऱ्याला नफा दिसेना, तेथें सरकारनें भार उचलला; जेथें नफा दिसूं लागला, तेथून तें बाजूला झालें. चाळींतून व सदनिकांतून राहणाऱ्यांचा प्रश्न याहून अवघड. स्वतःचें आंगण असलेला मनुष्य भिंतीवर खुंटी ठोकावी तशी चार्जिंगची पेटी बसवितो. पण चौथ्या मजल्यावरील बिऱ्हाडकरूनें काय करावें? २०१७ सालीं कायद्यांत बदल होऊन सदनिकाधारकास आपल्या जागेंत चार्जिंगची सोय करण्याचा हक्क मिळाला. सबळ कारण असल्याखेरीज गृहसंस्थेच्या मंडळास ती नाकारतां येत नाहीं. विषय दिसण्यांत लहान, पण हा हक्क नसता तर सारी सवलत बंगलेवाल्यांपुरतीच राहिली असती.

नॉर्वेची रीति किती वेगळी होती, हें कॅलिफोर्नियाशीं तुलना केली असतां समजतें. ज्या १९९० सालीं नॉर्वेनें पहिली करमाफी दिली, त्याच वर्षीं कॅलिफोर्नियाच्या हवा-संरक्षण मंडळानें मोटारी बनविणाऱ्या बड्या कंपन्यांवर बंधन घातलें कीं, १९९८ पर्यंत त्यांच्या विक्रींतील शेंकडा २ मोटारी धूर न सोडणाऱ्या असाव्या, आणि २००३ पर्यंत शेंकडा १०. तेथें भार कारखानदारावर होता, आणि कारखानदार सामर्थ्यवान होते. १९९६ सालीं मंडळानें जवळच्या वर्षांचें बंधन मागें घेतलें, आणि नंतरहि तें अनेकदां सौम्य करण्यांत आलें. जनरल मोटर्सनें १९९६ पासून भाड्यानें दिलेल्या ‘ईव्ही वन’ नांवाच्या मोटारी परत घेऊन त्यांतील बहुतेक मोडून टाकल्या. नॉर्वेंत मोटारींचे कारखानदार नव्हते. म्हणून पेट्रोलच्या गाडीवरील जबर कराविरुद्ध लढणारें धनाढ्य हितसंबंधांचें दळहि नव्हतें. उणीव कधीं कधीं अशी उपयोगी पडते. पण याचा अर्थ कॅलिफोर्नियाचा प्रयत्न वायां गेला असा नव्हे. पुढील काळांत त्याच धर्तीचे नियम इतरत्र झाले, आणि मोटारी घडविणारा कोणी असल्याखेरीज नॉर्वेच्या करमाफीला विकत घेण्यास कांहींच मिळालें नसतें.

नॉर्वेच्या नीतीवर आक्षेप घेणारेहि होते, आणि ते केवळ पेट्रोलचे कैवारी नव्हते. २०१४ सालीं ब्यार्ट होल्ट्समार्क व आन्डर्स स्कॉनहॉफ्ट या दोघां नॉर्वेजियन अर्थशास्त्रज्ञांनीं एका निबंधांत असें दाखविण्याचा प्रयत्न केला कीं, फुकट पथकर, फुकट जागा व बसचा मोकळा पट्टा यांच्या मोहानें सधन कुटुंबें दुसरी मोटार घेतात, आणि जे पूर्वीं बसनें किंवा सायकलनें जात तेहि मोटारींत बसतात. सबब ही नीति दुसऱ्या देशांनीं उचलूं नये. बसचालकांची तक्रार याहून प्रत्यक्ष होती. ऑस्लोच्या पश्चिमेकडील मोठ्या रस्त्यावर सकाळच्या गर्दींत बसच्या पट्ट्यांत विजेच्या मोटारींचीच रांग लागूं लागली, आणि पन्नास उतारूंची बस एकेकट्या मनुष्याच्या मोटारीमागें खोळंबूं लागली. २०१५ सालीं तेथें नियम झाला कीं, गर्दीच्या वेळीं चालकाखेरीज निदान एक उतारू असेल तरच विजेच्या मोटारीनें त्या पट्ट्यांत शिरावें. सर्वांत गंभीर आक्षेप न्यायाचा होता. ज्याला नवी मोटार घेण्याची ऐपतच नाहीं, तो जुन्या पेट्रोलच्या गाडीवर सारे कर भरीत राहतो. आणि लक्षावधि क्रोनची नवी कोरी मोटार घेणारा खजिन्याला एक छदामहि देत नाहीं. सवलत मोजक्या लोकांची होती तोंवर हें खपून गेलें. निम्मा देश ती घेऊं लागल्यावर रस्ते, बोगदे व शाळा यांचा खर्च कोणी द्यावा, हा प्रश्न टाळतां येईना.

म्हणून या इतिहासाचा उत्तरार्ध सवलती काढून घेण्याचा आहे, आणि तो पूर्वार्धाइतकाच शिकण्यासारखा आहे. एकाच दिवशीं सारें रद्द केलें असतें तर बाजार कोसळला असता. कांहींच रद्द केलें नसतें तर खजिना. नॉर्वेनें मधला मार्ग धरला. पथकर व फेरीबोटी यांची माफी जाऊन प्रथम अर्ध्यापर्यंत आकार घेण्याची मुभा स्थानिक संस्थांना मिळाली. २०२३ पासून पथकराची ही मर्यादा शेंकडा ७० झाली. फुकट जागा द्यावी कीं न द्यावी हें नगरपालिकांवर सोंपविलें गेलें. वार्षिक कर टप्प्याटप्प्यानें पूर्ववत् झाला. १ जानेवारी २०२३ पासून मोटारीच्या किंमतीपैकीं ५ लक्ष क्रोनच्या वरील भागावर मूल्यवर्धित कर बसला, आणि ५०० किलोग्रॅमच्या वरील वजनावर, दर किलोग्रॅमास साडेबारा क्रोन या दरानें, नोंदणीकरहि सुरू झाला. सर्वांत महाग मोटारीवर आधीं कर, साध्या मोटारीवर मागाहून, असा हा क्रम होता. यामुळें विक्री मंदावेल असें भय व्यक्त झालें होतें. प्रत्यक्षांत नव्या मोटारींत विजेच्या मोटारींचा वांटा २०२२ मध्यें शेंकडा ७९ होता, तो २०२३ मध्यें ८२ आणि २०२४ मध्यें सुमारें ८९ झाला. तोंवर लोकांना संवय लागली होती, चार्जिंगचीं ठिकाणें पसरलीं होतीं, आणि परतीची वाट कोणालाच नको होती.

हें यश मोजतांना एक भेद लक्षांत ठेवला पाहिजे. २०१७ सालीं संसदेनें असें ध्येय मान्य केलें कीं, २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या खासगी मोटारी धूर न सोडणाऱ्या असाव्या. तें ध्येय होतें, बंदी नव्हती. पेट्रोलची मोटार विकण्यास तेथें कायद्यानें मनाई झालेली नाहीं. शिवाय नव्या मोटारींचें प्रमाण एक, आणि रस्त्यावरील एकंदर मोटारींचें प्रमाण दुसरें. सप्टेंबर २०२४ मध्यें सुमारें २८ लाख खासगी मोटारींच्या त्या देशांत विजेच्या मोटारींची संख्या पेट्रोलच्या मोटारींहून प्रथमच थोडीशी अधिक झाली; दोन्ही साडेसात लाखांच्या घरांत होत्या. तरीहि डिझेलच्या मोटारी त्या वेळीं या दोहोंहून अधिक होत्या. तीस वर्षांच्या अखंड प्रयत्नानंतरहि जुनीं वाहनें आपल्या आयुष्याच्या मानानेंच रस्त्यावरून जातात.

आणि ज्या विसंगतीनें आरंभ केला, ती अखेरपर्यंत उरतेच. उत्तर समुद्रांतील एकोफिस्क येथें १९६९ सालीं तेल सांपडलें. तेलाच्या उत्पन्नांतून राष्ट्रीय निधि उभारण्याचा कायदा नॉर्वेनें १९९० सालीं केला, आणि त्या निधींत पहिली रक्कम १९९६ सालीं पडली. विजेच्या मोटारीच्या करमाफीचीं वर्षेंहि तींच : १९९० ची तात्पुरती, १९९६ ची कायमची. योगायोग असेल, पण त्या राष्ट्राच्या दुहेरी वृत्तीचें तें जणूं प्रतीक आहे. घरीं विजेवर चालणारा हा देश परदेशी अद्यापि तेल व वायु विकतो, आणि त्या धुराचा हिशेब विकत घेणाऱ्याच्या नांवें मांडला जातो. टीकाकार याला ढोंग म्हणतात. समर्थक म्हणतात कीं, जगाची मागणी एका लहान देशानें पुरवठा थांबविल्यानें थांबत नाहीं. त्यानें निदान आपल्या घरची मागणी थांबवून दाखविली. निर्णय कोणताहि असो, नॉर्वेच्या विजेच्या मोटारींनीं जगाच्या हवेवरील भार उतरविला तो अल्प. त्यांनीं दिलेला दाखला मात्र मोठा.

त्या दाखल्याचा उपयोग भारताला कितपत? साधनें पुष्कळशीं तींच उचललीं गेलीं आहेत. २०१५ मध्यें केंद्र सरकारनें विजेच्या वाहनांसाठीं पहिली अनुदान-योजना काढली. २०१८ मध्यें या वाहनांना हिरवी क्रमांकपट्टी मिळाली. १ ऑगस्ट २०१९ पासून त्यांवरील वस्तु व सेवा कर शेंकडा १२ वरून ५ वर आला. महाराष्ट्र सरकारनें २०२५ च्या धोरणांत मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग, समृद्धि महामार्ग व अटल सेतु यांवरील पथकराची माफी विजेच्या मोटारींना देऊं केली. परंतु परिस्थिति निराळी आहे. येथें बहुतांश वीज कोळशापासून निघते. येथें विजेची वाहनें म्हणून जीं खपतात त्यांत दुचाक्या व तीनचाकी रिक्षा यांचाच भरणा मोठा, आणि द्रुतगति मार्गावरील पथकराशीं त्यांच्या मालकांचा संबंध नाहीं. सप्टेंबर २०२५ मध्यें लहान पेट्रोलच्या मोटारींवरील वस्तु व सेवा कर शेंकडा १८ वर उतरला, तेव्हां दोन पारड्यांतील अंतरहि कमी झालें. नॉर्वेची यादी जशीच्या तशी उतरून घेतल्यानें नॉर्वेचें फळ मिळणार नाहीं. रिक्षावाल्याच्या बॅटरीचें कर्ज आणि चाळींतील चार्जिंगची जागा हे येथील खरे नाके आहेत.

नॉर्वेपासून घ्यावयाचा धडा यादींत नसून तिच्यामागील धोरणांत आहे. त्या देशानें जें महाग करावयाचें तें आधीं महाग केलें, मग जें हवें होतें त्याला वाट मोकळी करून दिली; फळ दिसेना तेव्हां वीस वर्षें धीर धरला; आणि फळ हातीं आल्यावर, ज्यांना आतां आधाराची गरज नाहीं त्यांच्याकडून तो हळूहळू काढून घेण्याचें धैर्यहि दाखविलें. सवलत देणें कोणत्याहि सरकारला अवघड जात नाहीं. ती कोणासाठीं दिली याचें स्मरण ठेवणें, आणि काम झाल्यावर ती आवरती घेणें, यांतच राज्यकर्त्यांची कसोटी लागते.